भागीदारांचं बिनसलं: एनसीएलटी की लवाद?

समजा, वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, दोन मावसभावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. थोरल्याचे साठ टक्के शेअर, धाकट्याचे चाळीस. धाकट्याला संचालकपदावरून काढलं, हिशेब दाखवणं बंद. बाहेर शेअर विकावेत, तर प्रायव्हेट कंपनीत हस्तांतरणावर बंधनं असतातच, आणि अल्पमतातला हिस्सा घेणार कोण?

पहिला रस्ता अहमदाबादच्या एनसीएलटीचा, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाचा. कंपनी कायदा २०१३, कलम २४१ खाली दडपशाही आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार. एक दशांश भागभांडवल हाती असलं की अर्ज करता येतो. खरी ताकद कलम २४२ मध्ये आहे: न्यायाधिकरण एकाला दुसऱ्याचे शेअर विकत घ्यायला लावू शकतं, संचालक हटवू शकतं. पण नुसतं 'मला पदावरून काढलं' एवढ्यावर भागत नाही. सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवल्याच्या टाटा-मिस्त्री प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. शिवाय निकालावर अपील दिल्लीला. वेळ जातो, आणि तोवर कारखान्याचे ग्राहक काही थांबत नाहीत.

दुसरा रस्ता लवादाचा, म्हणजे कोर्टाबाहेर त्रयस्थाकडून निवाडा. तो बंद दाराआड चालतो. बँकेला, गिऱ्हाइकांना आणि दांडिया बाजारातल्या नातेवाइकांना कुणकुण लागत नाही. मात्र वाद लवादाकडे न्यायचा असं कलम करारात हवं, आणि कलम २४२ चे अधिकार लवादाला नाहीत.

भांडण फक्त शेअरच्या किमतीचं असेल तर मी लवाद निवडीन. वह्याच लपवल्या जात असतील, तर सरळ अहमदाबाद.