वीरगळांची छायाचित्रे झपाट्याने काढण्याची पद्धत : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मी सातारा जिल्ह्यातल्या वाई, कोरेगाव आणि खटाव तालुक्यांतल्या गावांमधील वीरगळांची, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या कोरीव दगडांची, छायाचित्रे एका ठरावीक पद्धतीने काढत आहे. नऊ महिन्यांत ३१ गावे आणि सुमारे ६५० दगड झाले. प्रत्येक दगडाची किमान ९ छायाचित्रे काढायची, हा नियम असल्यामुळे एकूण संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. सुरुवातीला एका सकाळी जेमतेम दहा-बारा दगड होत असत. आता तेवढ्याच वेळात पस्तीस ते चाळीस होतात. हे दगड उघड्यावर आहेत, देवळाच्या जीर्णोद्धारात ते हलवले जातात, ऑइलपेंटने रंगवले जातात, कधी पायात चिणले जातात. म्हणूनच एकेका दगडाचे सुंदर छायाचित्र काढत बसण्यापेक्षा सगळ्या दगडांची नीट वाचता येतील अशी छायाचित्रे लवकर होणे मला महत्त्वाचे वाटते.

उपकरणे साधी आहेत. २४ मेगापिक्सेलचा मिररलेस कॅमेरा, त्यावर ३५ मिलिमीटरची एकच लेन्स, दोन जादा बॅटऱ्या आणि ६४ जीबीची दोन कार्डे एवढ्यावर काम भागते. ट्रायपॉड तिसऱ्याच गावानंतर घरी ठेवला, कारण तो उभा करण्यात जाणारा वेळ दिवसभरात तास-दीड तास होतो. झूम लेन्सही नेत नाही. एकच लेन्स असली की किती अंतरावर उभे राहायचे हे पायांना आपोआप कळू लागते.

एफ/८ छिद्र, १/२५० सेकंदापेक्षा कमी होऊ न देणारा शटरवेग, १६०० पर्यंत आपोआप बदलणारा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) आणि ५२०० केल्विनला पक्का केलेला व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हे सगळे मी कॅमेऱ्याच्या एका कस्टम मोडमध्ये साठवून ठेवले आहे. जागेवर फक्त एकच गोष्ट बदलतो. आपला काळा कातळ चौकट भरून घेतला की कॅमेरा त्याला राखाडी समजून उजळ करतो आणि कोरीव काम फिकट पडते. म्हणून एक्स्पोजर दोन तृतीयांश स्टॉपने कमी ठेवावे लागते (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). शेंदूर लावलेल्या दगडासाठी पूर्ण एक स्टॉप कमी करतो, नाहीतर लाल रंग फुटतो आणि चेहऱ्यांच्या जागी नुसते केशरी डाग उरतात. बर्स्ट मोडचा, म्हणजे बटण दाबून धरून एकापाठोपाठ छायाचित्रे काढण्याचा, मोह सोडावा, असे मी आग्रहाने सांगेन. दगड हलत नाही. एकाच दृश्याच्या बारा प्रती घरी येतात आणि त्या निवडण्यात रात्र जाते. हात हलला असेल तर दुसरी प्रत हाताशी असावी म्हणून प्रत्येक दृश्य दोनदा घेतो, तेवढे पुरे होते.

वेग खऱ्या अर्थाने वाढला तो पाटीमुळे. प्रत्येक दगडाची सुरुवात त्याच्या क्रमांकाच्या छायाचित्राने होते, म्हणजे पुढची सगळी छायाचित्रे कोणत्या दगडाची हे वहीत लिहावे लागत नाही. आधी मी पांढरा फलक आणि मार्कर वापरत होतो, पण उन्हात तो इतका चमकायचा की निम्म्या वेळा आकडा दिसतच नसे. मग शाळेतली दगडी पाटी आणि खडू घेतला. तिच्यावर चमक येत नाही, आणि तिच्या एका कडेला मी पाच-पाच सेंटिमीटरचे काळे-पांढरे पट्टे रंगवल्यामुळे मोजपट्टीही वेगळी न्यावी लागत नाही.

पाटीनंतरचा क्रम कधीही मोडत नाही : पूर्ण दगड समोरून, मग त्यावरचे कोरीव कप्पे खालून वर, मग दोन्ही कडा, पाठ आणि शेवटी आजूबाजूची जागा. वीरगळ वाचायचाही खालूनच असतो. तळाशी युद्ध, बऱ्याचदा सोडवून आणलेल्या गाई, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश, चंद्र, सूर्य. त्यामुळे घरी छायाचित्रे पाहताना कथा आपोआप योग्य क्रमाने उलगडते, आणि गुडघ्यावर बसून सुरू केलेले काम उभे राहून संपते, त्यामुळे पुन्हापुन्हा वाकावे लागत नाही.

घाई करून चालत नाही ती उन्हाच्या बाबतीत. समोरून ऊन पडले की झिजलेले कोरीव काम सपाट होऊन नाहीसे होते. ते तिरपे घासून गेले तरच उठाव दिसतो. म्हणून मी गावात पोचल्यावर आधी होकायंत्र घेऊन फिरतो आणि प्रत्येक दगडाचे तोंड कुठे आहे ते टिपतो. हिवाळ्यात दक्षिणाभिमुख दगड सकाळी नऊच्या आत, पूर्वाभिमुख दगड अकराच्या पुढे ऊन वरून उतरू लागल्यावर, आणि पश्चिमेकडचे एकच्या सुमारास, असा क्रम लागतो. सावलीतल्या दगडासाठी दीड फुटी आरसा नेतो. खटाव तालुक्यातल्या एका देवळामागे सातवीतल्या एका मुलाला मी तो धरायला दिला होता. त्याने आरसा हळूहळू कलता केला, आणि जिथे मला नुसता खडबडीत फुगवटा दिसत होता तिथे आधी घोड्याची मान, मग लगाम आणि मग लगाम धरलेली मूठ उमटली. "काका, ह्येच्या हातात तलवार पण हाय," असे म्हणून त्याने आरसा आणखी एक बोटभर वळवला. तलवार होती.

कोरीव काम उठून दिसावे म्हणून दगडावर पीठ, खडूची पूड किंवा तेल लावणारे लोक मी पाहिले आहेत. हे कृपया कोणीही करू नये. दगडाची हानी होते, आणि अनेक ठिकाणी तो गावाचा पूजेतला देव असतो. शेंदूरही खरवडू नये. चपला काढून, पुजाऱ्यांना विचारून, आहे तसाच दगड टिपावा.

ठिकाण नोंदवण्यासाठी मोबाइलवर जीपीएक्स मार्ग, म्हणजे चाललेल्या वाटेची वेळेसह जीपीएस नोंद, चालू ठेवतो आणि घरी एक्झिफटूल या संगणकावरच्या साधनाने वेळ जुळवून तो छायाचित्रांना जोडतो. यात दोनदा फटका बसला. पहिल्या महिन्यात कॅमेऱ्याचे घड्याळ चार मिनिटे मागे होते, त्यामुळे देवळाजवळचे दगड नकाशावर ओढ्यात गेले. आता रोज सकाळी मोबाइलचे सेकंदांसह घड्याळ कॅमेऱ्याने टिपतो, म्हणजे फरक नेमका कळतो. दुसऱ्यांदा मोबाइलच्या बॅटरी बचतीने नोंद मधेच बंद पाडली आणि दोन तासांचा मार्ग गेला. त्या ॲपला बचतीतून वगळल्यावर पुन्हा तसे झालेले नाही. ओळीने टेकलेल्या दगडांसाठी मात्र मोबाइलच्या जीपीएसचा उपयोग नाही, कारण त्यातली चूक काही मीटरची असते आणि दोन दगडांत हातभराचे अंतर असते. तिथे पाटीच खरी.

रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवतो. एका सकाळचे साधारण पंचवीस जीबी होतात. डिजिकॅम या छायाचित्रे लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच रात्री निवड करतो, कारण आठवडाभर थांबलो की कोणता शिलालेख पुन्हा टिपायला हवा हे आठवत नाही.

उत्तराभिमुख दगडांनी सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. हिवाळाभर त्यांच्यावर ऊन पडतच नाही. साताऱ्याच्या अक्षांशावर मेच्या दुसऱ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, आणि त्यानंतर सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. तेव्हा हेच ऊन त्या दगडांवर वरून घासत उतरते. असे ५३ दगड मी राखून ठेवले होते. मेअखेरपर्यंत ४१ झाले, मग आभाळ भरून आले. उरलेले बारा तीन गावांत आहेत. पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ चढेल आणि दिवाळीनंतर ते वाळेल. पण ऊन पुढच्या मेमध्येच मिळणार, म्हणून त्या गावांतल्या पुजाऱ्यांना तोवर दगड हलवू नका, असे सांगून आलो आहे.