रेनिसफ्यारा की स्टोक्सनेस?

आइसलँडच्या काळ्या किनाऱ्याचे फोटो काढायला एकच दिवस हाताशी असेल, तर हा प्रश्न पडतोच.

रेनिसफ्यारा व्हीक गावाजवळ. रेक्याविकहून गाडीने साधारण अडीच तास. बसाल्टचे षटकोनी खांब, गुहा, समुद्रात उभे सुळके, सगळं एकाच ठिकाणी. आपल्या सह्याद्रीचा दगडही बसाल्टच, त्यामुळे हे खांब बघताना परकं वाटत नाही. मला इथे सगळ्यात आवडतो तो परतणाऱ्या लाटेचा फेस. शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं, की काळ्या वाळूवर पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या उमटतात. वाळू इतकी काळी, की कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या, म्हणजे प्रकाश निम्मा.

पण इथल्या लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. शांत वाटणाऱ्या पाण्यातून अचानक मोठी लाट वर येते. धोक्याचे दिवे बघा, समुद्राकडे पाठ करून ट्रायपॉड लावू नका. फोटोपेक्षा जीव मोठा.

स्टोक्सनेस खूप पुढे, हॉफ्न गावाजवळ. जागा खासगी, प्रवेशशुल्क पडतं. समोर 454 मीटरचा वेस्ट्राहॉर्न डोंगर, मुख्यतः गॅब्रो या खडकाचा. वारा पडला, की उथळ पाण्यात अख्खा डोंगर उलटा उतरतो. पुढ्यात गवताचे झुबके असलेल्या काळ्या वाळूच्या टेकड्या, म्हणजे फ्रेमला खोली आपोआप येते. गर्दीही कमी.

वेळ असेल तर मी स्टोक्सनेसच निवडेन, आणि मुक्काम हॉफ्नला करेन.