राखेची वीट की भट्टीची?

घर बांधायला काढलं की गवंडी म्हणतो भट्टीत भाजलेली लाल वीट घ्या, इंजिनिअर म्हणतो कोळशाच्या राखेची घ्या, आणि सासरेबुवा म्हणतात आमच्या वाड्याला शंभर वर्षं झाली, तिथं कुठं होती राख! माझं मत आधीच सांगतो: आरसीसीचा (सिमेंट-सळयांचा) सांगाडा असेल आणि तयार विटांना पुरेसे दिवस पाणी मारणारा कारखानदार गाठीशी असेल, तर राखेची घ्या. यातली दुसरी अट अवघड आहे.

आपल्या देशी कोळशात राखच साधारण 30 ते 45 टक्के. म्हणजे कोराडी, चंद्रपूर, परळी, दीपनगर, एकलहरे इथल्या थर्मल (कोळशावरच्या) वीज केंद्रांत दर तीन टन कोळशामागे टनभर राख उरते. बारीक राख धुराबरोबर वर जाते, ती यंत्रानं अडवून गोळा करतात. जाडी बॉयलरच्या तळाशी पडते. विटेला हवी ती पिठासारखी बारीक. बाकीची पाण्यात कालवून तळ्यात सोडतात, आणि तळ्याचा बांध फुटला की काय होतं ते नागपूरजवळच्या खसाळ्यानं जुलै 2022 मध्ये पाहिलंय.

लाल वीट मात्र शेताच्या वरच्या थरातली माती खाते आणि भट्टीत पुन्हा इंधन जाळते. बऱ्याच भट्ट्यांवर मातीतही राख मिसळतात, त्यामुळं ‘आमची शुद्ध मातीची’ हे जरा जपूनच ऐका.

राखेच्या विटेत राख, सिमेंट किंवा चुना-जिप्सम आणि दगडाची भुकटी असते. ती भाजत नाहीत. साच्यात दाबून काढतात आणि पाणी मारून पिकवतात. सगळी मेख इथंच आहे. दोन-तीन आठवडे पाणी मिळालं, तर साध्या भट्टीच्या विटेपेक्षा ती सहसा मजबूत निघते. मागणी वाढली की आठवड्याभरात गाडी भरतात, मग कोपरे ढासळतात आणि खिळा मारला की भुगा पडतो. लाल विटेचा दोष निराळा: भट्टीच्या कडेची कच्ची, आतली जास्त भाजून वाकडी, आणि पावसाळ्यात भट्टी बंद म्हणून भाव वर.

राखेची वीट मापात एकसारखी, त्यामुळं प्लास्टर पातळ बसतं आणि माल वाचतो. पण गवंड्याला बजावा: लाल वीट पाण्यात बुडवून लावतात, ही नुसती वरून ओली करायची. चिंब भिजवून बांधली की सुकताना भिंत आकसते आणि प्लास्टरला तडे जातात. कॉलम आणि भिंतीच्या सांध्यावर जाळी लावायला विसरू नका. राख अंगाला बाधेल का, असंही विचारतात. विटेत ती बांधली गेलेली असते; ड्रिल मारताना तोंडाला फडकं बांधा, ते लाल विटेलाही लागू.

कोकणात चिरा (जांभा दगड) मिळत असेल तर हा वादच सोडा. थर्मल केंद्रांपासून लांब, सातारा-कोल्हापूरकडे, गाडीभाड्यात राखेची स्वस्ताई विरते. तिथं जवळची चांगली भट्टी परवडते.

पसंत कुठलीही करा, गाडी उतरवण्याआधी दोन विटा एकमेकींवर आपटा. आवाज खणखणीत हवा. एक वीट कोरडी तोला, दिवसभर पाण्यात ठेवून पुन्हा तोला. तीन किलोची साडेतीनच्या वर फार गेली तर परत पाठवा. आणि राखेची घेणार असाल तर कारखान्यात सांगून न जाता दुपारी जा, ढीग ओला आहे का ते हात लावून बघा.