खरे नाव की टोपणनाव? ऑनलाइन फँटसी लिहू पाहणाऱ्या नाशिककरांसाठी

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत दिवसभर काम करून रात्री फँटसी लिहिणाऱ्याला पहिली कथा ऑनलाइन देण्यापूर्वीच एक निर्णय घ्यावा लागतो: कथा स्वतःच्या नावाने द्यायची की टोपणनावाने. तंत्रज्ञानात रमणाऱ्यांमध्ये यावर दोन ठाम मते आढळतात. नाव लपवणारा जबाबदारीही टाळतो, असे काहींना वाटते. २०११मध्ये गूगलच्या ‘गूगल प्लस’ या तेव्हाच्या समाजमाध्यमाने खऱ्या नावाची सक्ती केली होती ती याच विचाराने, आणि २०१४मध्ये ती मागेही घेतली. खरे नाव कोणालाच कळू देऊ नये, हे दुसरे मत थेट फँटसीच्या परंपरेतून आलेले आहे. अमेरिकी विज्ञानकथालेखक व्हर्नर विंज यांच्या १९८१च्या ‘ट्रू नेम्स’ या दीर्घकथेत संगणकांच्या जाळ्यात वावरणारे मांत्रिक आपले खरे नाव प्राणपणाने जपतात, कारण ते नाव ज्याला कळले त्याच्या ताब्यात तो मांत्रिक जातो. मला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण नाव नेमके कोणापासून लपवायचे आहे, हे त्यांतले कोणीच आधी विचारत नाही.

खऱ्या नावाचे लाभ उघड आहेत. सार्वजनिक वाचनालयातला परिचित वाचक तुम्हाला ओळखतो, प्रकाशकाशी पत्रव्यवहार सरळ होतो आणि श्रेयाबद्दल वाद उद्भवत नाही. तोटा मात्र कायमचा असतो. पंचवटी, सीतागुंफा किंवा रामकुंड यांच्याशी जोडलेल्या पुराणकथांवर फँटसी रचली आणि ती कोणाला खटकली, तर राग कथेवर न थांबता घरापर्यंत, नोकरीच्या ठिकाणापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणजे आपण होऊन उघड केलेल्या नावापुरता त्या कायद्याचा आधार उरत नाही.

टोपणनाव आपल्याकडे मुळीच नवे नाही, परंतु त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. वि. वा. शिरवाडकर कवितेसाठी कुसुमाग्रज झाले, तरी ते कोण हे सगळ्या नाशिकला ठाऊक होते. असे उघडे टोपणनाव लेखनाचे दोन प्रांत वेगळे ठेवते, गोपनीयता देत नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचे उदाहरण दुसऱ्या प्रकारचे, म्हणजे लेखक कोण हे लपवणाऱ्या बंद टोपणनावाचे आहे. पुढे २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. ती त्यांच्या आद्याक्षरांची उलट मांडणी होती, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा त्यांनी पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेचे मूल्यमापन नावाच्या वजनाशिवाय व्हावे, एवढाच हेतू होता. ही दक्षता मला फार मोलाची वाटते, कारण नाव बदलणे पुरेसे नाही हे त्यांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी ओळखले होते.

आज हस्ताक्षराची जागा इतर खुणांनी घेतली आहे. रोजच्याच मोबाइल क्रमांकावर टोपणनावाचे खाते उघडले, तर अनेक ॲप संपर्कयादी जुळवून ते खाते सोसायटीतल्या शेजाऱ्यालाही सुचवतात. वर्ड किंवा पीडीएफ फाइलच्या तपशिलात संगणकावर नोंदलेले नाव राहून जाते, मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात ठिकाणाची नोंद असू शकते, आणि वाचकाने यूपीआयने मानधन पाठवले तर त्याला बँक खात्यावरचे नाव दिसते. भाषाशैलीही माग देते: २०१३मध्ये ‘रॉबर्ट गॅलब्रेथ’ या नावामागे जे. के. रोलिंग आहेत, या संशयाला संगणकाने केलेल्या शब्दवापराच्या विश्लेषणाने बळ दिले होते. जुन्या नाशकातल्या एकाच वाड्याचे बारीक वर्णन कथेमागून कथेत येत राहिले, तर शेजाऱ्यांना विश्लेषणाचीही गरज पडणार नाही. त्यामुळे वेगळा ईमेल, वेगळा क्रमांक आणि फाइल पाठवण्यापूर्वी तिचे तपशील पुसण्याची सवय, एवढे तरी हवेच. तरीही न्यायालयापासून किंवा पोलिसांपासून हे आवरण तुम्हाला लपवू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही ठेवू नये.

ज्यांना लेखनावर पुढे व्यवसाय उभारायचा आहे आणि ज्यांच्या विषयात वादाची शक्यता कमी आहे, त्यांनी खरे नाव वापरावे. नोकरी, कुटुंब किंवा विषय यांपैकी एकाचीही काळजी वाटत असेल, तर मी निःसंकोचपणे बंद टोपणनाव सुचवेन, मात्र ते एकच असावे आणि वर्षानुवर्षे टिकवावे, म्हणजे वाचकांचा विश्वास त्याच नावाभोवती जमत जाईल. दर कथेला नवे नाव घेणाऱ्याला तो विश्वास कधीच मिळत नाही.

निर्णय होत नसेल, तर सुरुवात टोपणनावाने करणे श्रेयस्कर, कारण टोपणनावाकडून खऱ्या नावाकडे केव्हाही येता येते, उलट दिशेने जाता येत नाही. १९५७चा कॉपीराइट कायदाही याला अनुकूल आहे: टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या साहित्यावर प्रकाशनानंतर ६० वर्षे हक्क राहतो, परंतु त्या मुदतीत लेखकाची ओळख जाहीर झाली, तर खऱ्या नावाने लिहिणाऱ्याप्रमाणेच तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो.