ऑक्सफर्ड युनियनचे जुने ग्रंथालय: सवडीने पाहावे असे दालन

१८२३ मध्ये स्थापन झालेल्या ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थी वादसभेची वास्तू पाहायला जाणाऱ्यांनी सर्वाधिक वेळ जुन्या ग्रंथालयासाठी राखून ठेवावा. बेंजामिन वुडवर्ड यांच्या आराखड्यानुसार १८५७ मध्ये उभे राहिलेले हे दालन मुळात वादविवादाचे सभागृह होते. दान्ते गॅब्रिएल रोझेटी, विल्यम मॉरिस, एडवर्ड बर्न-जोन्स आदी तरुण चित्रकारांनी सज्जाच्या वरच्या भिंतींवर राजा आर्थरच्या कथा रंगवल्या. मात्र ओलसर विटांवर नुसता चुन्याचा हात देऊन थेट रंगकाम केल्यामुळे ही चित्रे काही वर्षांतच फिकी पडली, याची हळहळ आजही वाटते. त्यातच प्रत्येक चित्राला छेदणाऱ्या दोन गोल, पाकळीदार खिडक्या आहेत. त्यांच्या उजेडाने डोळे दिपतात आणि लगतचे चेहरे काळोखात बुडतात, म्हणून बाजूला उभे राहून, नजर सरावेपर्यंत थांबावे. मग आकृत्या एकेक करून उमटू लागतात. वास्तुविशारद आल्फ्रेड वॉटरहाउस यांचे १८७९ मधील नवे सभागृह भारदस्त असले, तरी माझे मन रमले ते जुन्याच दालनात, मॉरिस यांनी १८७५ मध्ये नव्याने आखलेल्या छतावरील पानाफुलांच्या नक्षीखाली.