औंधचं भवानी म्युझियम : पुण्याचं औंध नव्हे हं, साताऱ्याचं!

गुगलवर नुसतं औंध टाकलं तर मॅप पुण्यातच फिरवत बसेल म्हणून आधीच सांगतोय, हे खटाव तालुक्यातलं औंध, यमाईच्या डोंगरावर जाताना वाटेतच म्युझियम लागतं. संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना गोळा करायचा भारी नाद, आणि स्वतःही चित्रं काढायचे (सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे ते हेच), तर त्यांनी जमवलेलं सगळं 1938 साली इथे लोकांसाठी खुलं झालं. राजा रविवर्माची ओरिजिनल ऑइल पेंटिंग्ज आहेत, कॅलेंडरवर पाहिलेला रविवर्मा विसरा, साडीच्या जरीवरचा उजेड समोर उभं राहूनच बघायचा असतो. मग हस्तिदंत आणि चंदनाचं कोरीव काम, इतकं बारीक की डोळे दुखतात. आणि या सगळ्यात चक्क ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं मदर अँड चाइल्ड! म्हणजे लंडनच्या गॅलऱ्यांत ज्याचं काम बघतात त्याचं दगडी शिल्प माणदेशाच्या उंबऱ्यावर, मी तर दोनदा नाव वाचलं. युरोपियन चित्रांच्या कॉप्याही आहेत, पण त्या मी भराभर उरकल्या, खरं सांगायचं तर कॉपी ती कॉपीच. पोरांना शस्त्रं आवडतील. घाईत एका तासात उरकू नका, निदान अर्धा दिवस ठेवा, आधी वरती यमाईचं दर्शन घ्या मग उतरताना निवांत बघा. उन्हाळ्यात मात्र सकाळीच जा, डोंगर उघडा बोडका आहे, टोपी आणि पाणी मस्ट.