राजारामपुरीतलं व्यसनमुक्ती केंद्र : गेलतो दाजींसाठी, फॉर्म ताईलापण दिला

चार स्टार. पाचवा का कापला ते खाली.

दाजी रोज पीत नाहीत, पण शनिवारी शेतावर मंडळी बसली की रस्सा उकळायच्या आत एकट्याला हाफ पुरत नाही आणि पुढं दोन दिवस पोरांवर खेकसत फिरणार. तिथल्या मॅडमनी आठवड्यातनं किती वेळा यापेक्षा एका बैठकीत किती जाते तेच खोदून विचारलं, हे आवडलं. दारूचा १० प्रश्नांचा ऑडिट म्हणून फॉर्म असतोय, ४० पैकी ८ झाले की धोका, दाजी त्याच्या लई वर. मग डिप्रेशनचा ९ प्रश्नांचा, तोपण दाजींनाच. मी म्हटलं मॅडम ह्यांना कसलं डिप्रेशन, हे नुसते चिडतात. तर म्हटल्या, बायकांत डिप्रेशन साधारण दुप्पट सापडतं खरं, पण बऱ्याच पुरुषांचं चिडचिडीत आणि ग्लासात लपतं, कुणी उदास म्हणत नाही, बेवडा म्हणतात. दारू थांबल्यावर तीन-चार आठवड्यांनी तोच फॉर्म परत भरून घेणारेत, नुसत्या दारूनं आलेली उदासी बऱ्याचदा तेवढ्यात उतरते म्हणे.

आणि मग तेच दोन्ही फॉर्म ताईच्या हातात! दाजी हसायलाच लागले, ही कुठली पितीय. ताईचा दारूचा आकडा शून्य, डिप्रेशनचा दाजींपेक्षा जास्त. हसणं बंद. तिला औषध नाही, समुपदेशन सुरू केलंय, तेपण एकटीला बसवून.

सरकारी पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पितो सांगणाऱ्या बायका शंभरात एकपण नाहीत, पण सांगणार कोण? मॅडमचं म्हणणं, बाईच्या अंगात पाणी कमी म्हणून तेवढ्याच पेगला रक्तात दारू जास्त होते, आणि बऱ्याच जणींची उदासी आधीची, पिणं नंतरचं, पुरुषांत जास्त करून उलटं.

आता कापलेला स्टार. बाहेर भलामोठा व्यसनमुक्तीचा बोर्ड, बाक अगदी रस्त्यावरच्या दारात, वेळ संध्याकाळचीच. कोल्हापुरात दोन माणसं सोडली की तिसरा ओळखीचा निघतोय, तिथं स्वतःच्या पिण्यासाठी कुठली बाई येऊन बसंल? बायकांना वेगळी वेळ ठेवा, दुपारची. पार्किंगचं तर बोलायलाच नको.

फी वाजवी आहे, फोन करूनच जावा. रोज पिणाऱ्यानं मनानं एकदम बंद करू नका, फिट येऊ शकते, आधी डॉक्टरला दाखवा. आणि ज्यांना दारात बसायचंच नाही त्यांनी १४४१६ लावा, टेलि मानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलता येतं.